साधारण गुण आणि डेंटलचं स्वप्न : मजबूत नेमकं काय करायचं?



निकाल लागले की आमच्या नवी मुंबईत एक प्रश्न हमखास कानावर येतो. "सर, बारावीला अठ्ठावन्न टक्के आहेत. डेंटलला चालेल का? की अजून काही सर्टिफिकेटं गोळा करू?" कधी हाच प्रश्न बी.एस्सी. करणारा मुलगा विचारतो. त्याला दुसऱ्या वर्षाला बावन्न टक्के असतात आणि आता दातांचा डॉक्टर व्हावंसं वाटत असतं. प्रश्न साधा आहे, पण त्याभोवती इतके गैरसमज साचलेत की घरातला पैसा, मुलांची वर्षं आणि आत्मविश्वास तिन्ही वाया जातात. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगतो. आपल्याकडे साधारण गुण असलेल्या मुलाचा "अर्ज" सजवून मजबूत होत नाही. मजबूत करायच्या गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्याकडे आपलं लक्ष कमी आहे.

अमेरिकेतल्या आत्याचा सल्ला इथे चालत नाही

न्यू जर्सीत किंवा टेक्सासात राहणारी आत्या फोनवर सांगते, "त्याला एखाद्या डेंटिस्टकडे बसव, समाजसेवा करू दे, शिफारसपत्रं घे." तिचं तिच्या ठिकाणी बरोबर आहे. तिथे आधी पदवी, मग चार वर्षांचं डेंटल स्कूल. पदवीचे गुण, डॅट ही परीक्षा, दवाखान्यात केलेलं निरीक्षण, पत्रं, मुलाखत असं सगळं एकत्र पाहतात. पदवीला गुण मध्यम असतील तर पुढच्या वर्षांत चढता आलेख दाखवून किंवा आणखी एक अभ्यासक्रम करून ती बाजू भरून काढता येते.

आपल्याकडे बीडीएसला प्रवेश नीटच्या गुणवत्तेवर. एवढंच. निबंध नाही, मुलाखत नाही, शिबिराचं प्रमाणपत्र नाही. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के आणि इंग्रजी उत्तीर्ण ही अट पार केली की ५८ टक्केवाला आणि ९३ टक्केवाला एकाच रेषेवर उभे राहतात. बी.एस्सी.चे बावन्न टक्के तर गुणवत्ता यादीत कुठेच येत नाहीत. कमाल वयाची अटही २०२२ मध्ये निघाली. म्हणजे उशिरा जागा झालेल्या मुलालाही दार उघडं आहे.

ज्याचं घोडं याच तीन विषयांच्या ५० टक्क्यांवर अडलंय, त्याने आधी ते सोडवावं. त्यासाठी बोर्डाची श्रेणीसुधार योजना आहे. ते न करता नीटच्या क्लासला लाखभर रुपये भरणं म्हणजे पाया न घालता गच्ची बांधणं.

टक्के आणि पर्सेंटाइल

दुसरा गोंधळ इथे होतो. नीटला खुल्या प्रवर्गासाठी ५०वा पर्सेंटाइल लागतो, म्हणजे ७२० पैकी ३६० गुण नव्हेत. परीक्षेला बसलेल्यांपैकी निम्म्यांच्या पुढे असणं, असा त्याचा अर्थ. हा आकडा दरवर्षी बदलतो. २०२०-२१ च्या प्रवेशांत देशभरात बीडीएसच्या सुमारे ७,००० जागा रिकाम्या होत्या, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये पात्रता १० पर्सेंटाइलने खाली आणायला लावली होती. पण त्या भरवशावर बसू नका. आणि पात्र होणं वेगळं, परवडणारी जागा मिळणं वेगळं. मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय किंवा पालिकेचं नायर हवं असेल तर नुसती पात्रता पुरत नाही, वरचा क्रमांकच लागतो.

मग गुण वाढतात कुठे?

नीटमध्ये १८० प्रश्न. जीवशास्त्राचे ९०, म्हणजे निम्मे गुण तिथेच. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. गुण समान झाले तर आधी जीवशास्त्राचे गुण पाहतात. साधारण मुलाने सुरुवात कुठून करायची, हे यातच आलं. एनसीईआरटीची जीवशास्त्राची दोन्ही पुस्तकं ओळन् ओळ, आकृत्यांसकट, मग रसायनशास्त्र. आपल्या मुलांचा भौतिकशास्त्राशी छत्तीसचा आकडा असतो, हे मान्य. पण म्हणून तो विषय सोडून द्यायचा नाही. निवडक प्रकरणं पक्की करायची.

एक हिशेब मुलासमोर मांडा. शंभर उत्तरं बरोबर आणि साठ चूक असतील तर ४०० वजा ६०, म्हणजे ३४० गुण. त्या साठातली वीस उत्तरं बरोबर झाली तर एकदम १०० गुण वाढतात, कारण प्रत्येकी चार मिळतात आणि वजा होणारा एक वाचतो. म्हणून नवीन क्लासपेक्षा चुकांची वही जास्त कामाची. प्रत्येक सराव परीक्षेनंतर लिहायचं : माहीत नव्हतं, माहीत होतं पण विसरलो, की घाईत प्रश्नच नीट वाचला नाही? तिन्ही आजारांची औषधं वेगळी आहेत. वर्ष "ड्रॉप" घ्यायचं की नाही, हेही ही वही पाहून ठरवा. गेल्या वर्षी काय चुकलं हे मुलाला अर्ध्या पानात सांगता येत नसेल, तर आणखी एक वर्ष देऊन तेच पुन्हा घडेल.

कागदपत्रं आणि दोन वेगवेगळ्या रांगा

गुण मिळूनही जागा हुकते ती इथे. आपल्या परिसरात नेरुळ, बेलापूर, खारघर, कामोठे अशी चार-पाच दंत महाविद्यालयं हाकेच्या अंतरावर आहेत. पण त्यांच्या प्रवेशाच्या वाटा सारख्या नाहीत. तेरणा आणि वायएमटी ही नाशिकच्या आरोग्य विद्यापीठाशी संलग्न, तिथले प्रवेश राज्याच्या सीईटी कक्षामार्फत. डी. वाय. पाटील आणि भारती विद्यापीठ ही अभिमत, त्यांच्यासाठी केंद्राच्या एमसीसीकडे वेगळी नोंदणी. एकीकडे नाव नोंदवून दुसरीकडची वाट पाहत बसणारे पालक दरवर्षी भेटतात. शुल्कातही मोठा फरक असतो. पसंतीक्रम भरण्याआधी पूर्ण अभ्यासक्रमाचा हिशेब कागदावर मांडा, वसतिगृह आणि साहित्यासकट. कुठली शिष्यवृत्ती कुठे लागू होते तेही तेव्हाच तपासा.

दाखल्यांचं अकरावीतच पाहा. आपल्याकडची अनेक कुटुंबं सातारा, सांगली, जुन्नरकडून आलेली. जातीचा दाखला मूळ गावाकडूनच काढावा लागतो आणि पडताळणीला वेळ जातो. रहिवासाच्या कागदांसाठी नेरुळ-बेलापूरवाल्यांचा जिल्हा ठाणे, तर खारघर-कामोठेवाल्यांचा रायगड. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेही लक्षात ठेवा. जूनमध्ये ही धावाधाव सुरू केली की मुलाचं पोर्टलवरचं लक्ष उडतं आणि प्रवर्गाचा लाभही हातचा जातो.

"नीट कमी असली तरी करून देतो" म्हणणाऱ्या माणसाला चहाही विचारू नका. संस्था कोट्यातली जागासुद्धा नीटशिवाय भरता येत नाही.

जे कोणी तपासत नाही ते आपण तपासावं

आता माझा खरा मुद्दा. एकाच परीक्षेवर सगळं सोपवल्याने साधारण गुणांच्या मुलाला नव्याने उभं राहता येतं, हे चांगलंच आहे. पण या पद्धतीत मुलाला कोणी विचारतच नाही, "बाळा, तुला हे काम आवडेल का?" एमबीबीएस हुकलं म्हणून बीडीएस, हीच बहुतेकांची वाट. मग पहिल्याच वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला बसवतात तेव्हा कळतं की हाताला स्थैर्य लागतं, तासन् तास वाकून बसण्याचा धीर लागतो. चार वर्षं शिक्षण, एक वर्ष इंटर्नशिप, आणि त्यानंतर ज्या शहरात प्रत्येक सेक्टरमध्ये दातांचे दवाखाने आहेत तिथे जम बसवायचा.

म्हणून दवाखान्यात बसवण्याचा आत्याचा सल्ला मी पूर्ण टाकून देत नाही. प्रमाणपत्रासाठी नको, पण निर्णयासाठी हवा. दंत महाविद्यालयांच्या ओपीडीत कमी खर्चात उपचार होतात. आजोबांची कवळी करायची असेल तर मुलाला सोबत न्या. ओळखीच्या डॉक्टरांना विचारून दोन-तीन शनिवार कोपऱ्यात उभं राहू द्या. रक्त, लाळ, घाबरलेलं मूल, पैशांवरून घासाघीस करणारा रुग्ण, सगळं पाहू द्या. त्यानंतरही डोळ्यांत चमक असेल तर त्या मुलाच्या मागे उभं राहायला हरकत नाही. नसेल तर फिजिओथेरपी, नर्सिंग, प्रयोगशाळा तंत्रज्ञान अशा वाटा आहेतच. त्या कमीपणाच्या नाहीत.

प्रवेश मिळालेल्यांसाठी एक सूचना

बीडीएसला लागल्यावर "पास झालं की झालं" ही हवा वर्गात पसरते. एमडीएसला नीट-एमडीएसचा क्रमांकच लागतो, त्यामुळे ती पटतेही. पण उद्या अमेरिकेत जायचं ठरलं तर तिथली डेंटल स्कूल्स बीडीएसच्या प्रत्येक वर्षाचे गुण मागतात, आयएनबीडीई ही परीक्षा असते, आणि बरीच स्कूल्स कृत्रिम दातांवर काम करायला लावून हातही तपासतात. पहिल्या वर्षीचा निष्काळजीपणा तिथे उघडा पडतो.

शिक्षक मित्रांनो, एक विनंती. साधारण गुणांचं मूल समोर आलं की "तुझं काही खरं नाही" असं म्हणू नका, आणि "सगळं शक्य आहे" असंही नको. त्याच्या हातात तीन प्रश्न द्या : अट पार होते का, चुका कुठे होतात, आणि हे काम खरंच करायचंय का? पहिल्याचं उत्तर गुणपत्रिकेत आहे, दुसऱ्याचं चुकांच्या वहीत. तिसऱ्याचं मात्र त्याचं त्यालाच शोधू द्या, आणि त्यासाठी घरात थोडी शांतता ठेवा.