आधी मोजपट्टी, मग कॅमेरा

सप्टेंबरचा तिसरा शनिवार जगभर किनारा स्वच्छता दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे तो गणेशोत्सवाच्या आगेमागेच येतो. त्या सुमारास मुंबई-कोकणातले विद्यार्थी हातमोजे घालून चौपाटीवर उतरतात आणि मोबाइलवर त्याचा लघुपटही तयार करतात. साचा बहुधा ठरलेला असतो: प्लास्टिकचा खच, उदास संगीत, जाळ्यात अडकलेले कासव आणि शेवटी घोषवाक्य. पाहणारा हळहळतो आणि पुढच्या व्हिडिओकडे वळतो. त्याच्या हाती माहिती अशी काही लागत नाही.

कॅरिबियन बेटांवर याची सुरुवात वेगळी झाली. युनेस्कोने जुलै १९९८ मध्ये टोबॅगो येथे पर्यावरण शिक्षणाची कार्यशाळा घेतली. तिथे जमलेल्यांनी किनाऱ्याची धूप, प्रदूषण आणि बेशिस्त बांधकामे प्रत्यक्ष पाहिली आणि यावर काही केलेच पाहिजे असे ठरवले. त्यातून ‘सँडवॉच’ हा शालेय उपक्रम उभा राहिला. मुले एक किनारा निवडतात. त्याची रुंदी, वाळूचा पोत, लाटा, पाण्याचा दर्जा, कचरा, येणारी माणसे यांची वारंवार नोंद ठेवतात. मग त्या नोंदींचा अर्थ लावायचा, तो गावाला सांगायचा आणि शेवटी कृती करायची. चित्रफितीची जागा या ‘सांगण्या’च्या टप्प्यावर आहे. तपासणीआधी औषध लिहू नये, तसेच हे.

आपल्या लघुपटांची खरी अडचण अशी की कॅमेऱ्याला बाटली दिसते, मैला दिसत नाही. समुद्राचे पाणी पोहण्यायोग्य ठरण्यासाठी १०० मिलिलिटरमध्ये विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची संख्या १०० पर्यंतच असावी, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. सांडपाण्याचा नाला जिथे समुद्राला मिळतो, तिथे वाळू कितीही स्वच्छ दिसली तरी त्या पाण्यात डुंबणाऱ्या मुलाला जुलाब, कानदुखी किंवा त्वचेचा संसर्ग होऊ शकतो. नाल्याचे मुख, पाण्याचा नमुना आणि प्रयोगशाळेचा अहवाल एवढ्यावरच बेतलेली पाच मिनिटांची फिल्म शंभर घोषवाक्यांपेक्षा उपयोगी पडेल. अर्थात अशी फिल्म स्पर्धेत बक्षीस मिळवेलच असे नाही!

दुसरा विषय दर पावसाळ्यात आपणहून किनाऱ्यावर येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये मुंबईच्या चौपाट्यांवर ‘ब्लू बॉटल’ या निळ्या, फुग्यासारख्या जीवाच्या डंखाने अनेक जण जखमी झाले. डंखावर लिंबू चोळा, लघवी ओता, बर्फ लावा असे सल्ले अशा वेळी हमखास मिळतात. ऑस्ट्रेलियात ९६ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ४५ अंश सेल्सिअसच्या पाण्याची बर्फाशी तुलना केली गेली. गरम पाण्याने ८७ टक्के रुग्णांच्या वेदना कमी झाल्या, बर्फाने ३३ टक्के. म्हणजे चिकटलेले तंतू चिमट्याने काढावेत, समुद्राच्याच पाण्याने धुवावे, चोळू नये आणि सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीसेक मिनिटे ठेवावा. व्हिनेगरबद्दल तज्ज्ञांत एकमत नाही. श्वास लागला, चक्कर आली तर थेट रुग्णालय गाठावे. वाळूत मेलेल्या ब्लू बॉटलचे तंतूही डंख करतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. किनाऱ्यावरच्या मुलांनी स्वतःच्या बोलीत हे करून दाखवले, तर भिंतीवरच्या पत्रकापेक्षा ते लोकांच्या अधिक ध्यानात राहील.

चित्रीकरणाचेही पथ्य असते. वेळासला ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे निघतात तेव्हा टॉर्च किंवा मोबाइलचा दिवा लावल्यास ती उजेडाकडे भरकटतात. कचरा उचलताना पातळ हातमोज्यांवर भिस्त ठेवू नये, कारण त्यात सिरिंजच्या सुयाही असतात. त्या हाताने न उचलता चिमट्याने जाड प्लास्टिकच्या डब्यात टाकाव्यात. सुई टोचलीच तर जखम पिळू नये, साबण-पाण्याने धुऊन त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का हे पाहावे लागते आणि एचआयव्ही प्रतिबंधक औषधांची गरज असल्यास ती ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात. शिक्षकांनी जवळच्या सरकारी रुग्णालयाचा क्रमांक निघण्यापूर्वीच लिहून घ्यावा.