फॉरमॅट मारण्याआधी

गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तालुक्याच्या गावातल्या एका छापखान्यातून फोन आला. "साहेब, एक्सपी उठत नाहीये." मालकांना व्हर्च्युअल मशीन हा शब्द ठाऊक नव्हता, ठाऊक असण्याचं कारणही नाही. त्यांच्या लेखी तो पडद्यावरचा एक चौकोन. त्यात विंडोज एक्सपी, एक्सपीत पेजमेकर, पेजमेकरात युनिकोडपूर्व काळातले मराठी फॉन्ट, आणि त्या फॉन्टांत बसवलेल्या बारा वर्षांच्या लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल. पेजमेकरची शेवटची आवृत्ती 2001 सालची. तरी अशा छापखान्यांचं पोट अजून त्यावर चालतं. त्यांची जुनी पीसी मेली तेव्हा तिचा संसार उचलून व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपल्यासारख्यांनीच मांडून दिला होता.

मी पोचलो तोवर शेजारचा एक चुणचुणीत पोरगा दोनदा व्हर्च्युअलबॉक्स काढून पुन्हा टाकून मोकळा झाला होता. आता तो यादीतलं मशीन काढून नव्यानं जोडणार होता. त्या वेळी प्रोग्रॅम विचारतो: नुसतं यादीतून काढू, की सगळ्या फाइलीही पुसू? त्याचा माउस दुसऱ्या पर्यायावर होता. मालकांनी चहा पुढे केला म्हणून हात थांबला, एवढंच.

माझं लक्ष गेलं टास्कबारच्या कोपऱ्याकडे. घड्याळात साल 2015. मालकांना विचारलं, आणखी काय बिघडलंय? तर म्हणाले, सकाळी सुरू करताना 'एफ1 दाबा' असं काहीतरी आलं, ते दाबलं. आणि ईमेल उघडत नाही, पण ते नेटचं असेल. ते नेटचं नव्हतं. सगळ्याचं मूळ मदरबोर्डवरच्या सीआर2032 सेलमध्ये होतं. रात्री मेन स्विच पाडून घरी जायची छापखान्याची शिस्त, म्हणजे बायोसचं घड्याळ रोज रात्रभर त्या एका सेलवर. सेल संपला, सेटिंगं मूळपदावर गेली, आणि त्या बोर्डावर मूळपदी व्हीटी-एक्स, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला लागणारा प्रोसेसरचा आधार, बंद असतं. सेल बदलला, बायोसमध्ये जाऊन ते चालू केलं, एक्सपी उठली. वीस मिनिटांचं काम.

आणि गंमत अशी की व्हर्च्युअलबॉक्सनं हे पहिल्याच खिडकीत सांगितलं होतं: बायोसमध्ये व्हीटी-एक्स बंद आहे. पोरानं ती खिडकी तीनदा बंद केली होती.

त्या पोराला नावं ठेवत नाही. फॉरमॅट मारा, विंडोज मारा, पुन्हा टाका, हीच रीत आपण त्याला दाखवली. साध्या पीसीवर ती खपून जाते. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे व्हीएम, उठत नाही तेव्हा मात्र बिघाड बऱ्याचदा तिच्या आत नसतोच, तो खालच्या होस्टमध्ये असतो. पाहुण्याला ताप आला म्हणून घर रंगवायला काढावं, तशी ही पुन्हा टाकण्याची धडपड. म्हणून पहिला प्रश्न नेहमी एकच: काल चालत होतं ना, मग कालपासून होस्टवर काय बदललं?

उत्तरं ठरावीक असतात. कोणी व्हर्च्युअलबॉक्स अद्ययावत केला असेल तर हे लक्षात ठेवा की 6.1 पासून, म्हणजे 2019 च्या अखेरीपासून, प्रोसेसरच्या आधाराशिवाय तो कुठलीच व्हीएम चालवत नाही, 6.0 पर्यंत 32 बिटांची एक्सपी त्याविनाही चालायची. एएमडीच्या बोर्डावर हाच आधार 'एसव्हीएम मोड' या नावाखाली सापडतो. लिनक्स असेल तर 6.12 कर्नलपासून केव्हीएम मॉड्यूल लोड होताक्षणी प्रोसेसरचा ताबा घेतं आणि व्हर्च्युअलबॉक्स दारातच अडतो. केव्हीएम उतरवलं की रस्ता मोकळा. सिक्युअर बूट चालू असताना सही नसलेलं मॉड्यूल कर्नल आत घेत नाही, हे वेगळंच.

विंडोजवर कोणी हायपर-व्ही किंवा डब्ल्यूएसएल2 चालू केलेलं असतं, नाहीतर मेमरी इंटिग्रिटी. व्हीएम उठलीच तर खाली हिरवं कासव दिसतं आणि चालही कासवाचीच असते. इथे माझं मत थोडं कडू आहे. मेमरी इंटिग्रिटी ही सुरक्षेची सोय आहे. गिऱ्हाइकाला न विचारता ती बंद करून 'झालं बघा' म्हणत पैसे घेणं मला पटत नाही. त्याला दोन्ही बाजू सांगा, ठरवू दे त्याला.

वीज जाऊन मशीन पडलं असेल तर गोष्ट निराळी. यादीत व्हीएमच्या नावापुढे 'इनॲक्सेसिबल' दिसतं, आणि फोल्डर उघडलं तर व्हीबॉक्स फाइल शून्य बाइटची. घाबरू नका, शेजारीच 'प्रेव्ह' जोडलेली आदली प्रत बहुधा असते. तिची नक्कल करून मूळ नाव द्या. होस्टची डिस्क गच्च भरली असेल तर जागा करा, पण स्नॅपशॉटच्या फाइली हातानं पुसून नव्हे. त्या एकमेकींवर उभ्या असतात, मधली काढली की वरच्या सगळ्या गेल्या. सेव्ह्ड स्टेट टाकून द्यायची तर आधी विचारा, आत न साठवलेलं पान उघडं होतं का. कारण ते प्लग उपटण्यासारखंच आहे.

एक बारीक गोष्ट. व्हीबॉक्स डॉट लॉग ही फाइल दर प्रयत्नाला नवी होते आणि मागच्या फक्त तीन राहतात. चिडून चार-पाच वेळा स्टार्ट दाबलं की पहिल्या बिघाडाची नोंद गेली. म्हणून हात लावण्याआधी लॉग्ज फोल्डर बाजूला काढायचं. त्याहीआधी अख्ख्या व्हीएमची प्रत बाहेरच्या डिस्कवर.

त्या छापखान्यात तशी प्रत नव्हती. बारा वर्षांचं काम एका व्हीडीआय फाइलमध्ये होतं, आणि ती फाइल एका कप चहामुळे वाचली.

दिवाळी अंकांची गडबड आता सुरू होईल. तुमच्या गिऱ्हाइकांत अशी एक्सपी जपून बसलेले छापखाने, दवाखाने, पतसंस्था असतील तर त्यांच्या फोनची वाट पाहू नका. या आठवड्यात एक चक्कर मारा, व्हीएम नीट शटडाउन करून तिचं फोल्डर उतरवून घ्या, आणि खिशात एक सीआर2032 ठेवा.