मांजर सूड घेत नाही, तक्रार करतं

चार वर्षं मांजर बिनबोभाट वाळूच्या ट्रेमध्ये जात असतं. काम उरकलं की पंजानं वाळू ओढायची, दोनदा हुंगून खात्री करायची आणि शेपटी उंचावून निघून जायचं. पोरांना जे महिनोन् महिने शिकवावं लागतं, ते याला उपजत येतं, याचं घरात सगळ्यांना कौतुक! आणि एके दिवशी हेच मांजर ट्रे ओलांडून थेट आजोबांच्या गादीवर शू करून मोकळं होतं.

पहिल्या दिवशी बिचारी गृहिणी मुकाट्यानं चादर भिजवते. तिसऱ्या दिवशी मांजराचं नाक तिथंच घासून दोन धपाटे घालते. आठवड्यानं कुणीतरी निकाल देतं, "पोत्यात घाला आणि मासळी बाजारात सोडून या. पोटाला तरी मिळेल!"

घरात वाढलेलं मांजर बाजारात फार दिवस तगत नाही. कुत्री, वाहनं आणि तिथली मुरलेली मांजरं त्याला जगू देत नाहीत. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा ठिकाणी विनाकारण सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हाही आहे.

मुळात मांजर सूड म्हणून असं वागत नाही. त्याचे पूर्वज म्हणजे आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या प्रदेशातली रानमांजरं. माती उकरून घाण झाकायची सवय त्यांच्याकडून आलेली. इतकी जुनी सवय मोडते, तेव्हा काहीतरी बिनसलेलं असतं. ते सांगायला मांजराजवळ दुसरी भाषा नाही.

म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो तब्येतीचा. लघवीला जळजळ होत असेल, तर मांजर त्या दुखण्याचा संबंध ट्रेशी जोडतं आणि मऊ, गार जागा शोधतं. म्हातारं मांजर मधुमेहानं किंवा मूत्रपिंडाच्या विकारानं वारंवार लघवी करतं. सांधे दुखत असतील, तर त्याला ट्रेची उंच कड ओलांडवत नाही.

बोक्याच्या बाबतीत तर अधिकच सावध राहायला हवं. त्याचा लघवीचा मार्ग अरुंद असतो आणि खड्यांनी किंवा चिकट गाळानं तो बंद होऊ शकतो. बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, ओरडतो, ती जागा चाटत राहतो; पण थेंबभरच होते किंवा होतच नाही. घरच्यांना वाटतं, बद्धकोष्ठ झालं असेल. इथं सकाळपर्यंत वाट पाहायची नाही. लघवी तुंबली की दोन दिवसांत जिवावर बेतू शकतं. तडक पशुवैद्याकडे न्यावं. आपल्या डब्यातली पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही देऊ नये. मांजराला ती विषासारखी बाधते.

तब्येत ठणठणीत निघाली, तर मोर्चा ट्रेकडे वळवावा. घाण रोज काढली जाते का? वाळू निदान दोन इंच आहे का? ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट हवा. जेवणाच्या ताटलीशेजारी किंवा धडधडणाऱ्या वॉशिंग मशीनजवळ तो नको. दोन मांजरं असतील तर तीन ट्रे, हा साधा हिशेब. साधी वाळू बंद करून एकदम दुकानातले सुवासिक खडे आणले असतील, तरी मांजर बिथरतं. आपल्याला आवडणारा वास त्याच्या नाकाला झोंबतो. बदल करायचाच, तर आठवडाभर थोडं थोडं नवं जुन्यात मिसळावं. घरात कुणी गरोदर असेल, तर ट्रे दुसऱ्यानं आणि रोजच्या रोज साफ करावा. मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा हा परजीवी पसरू शकतो. पण तो संसर्गजन्य व्हायला निदान एक दिवस लागतो. मांजराला घराबाहेर काढायची गरज नाही.

नंतर घराकडे पाहावं. दिवाळीआधीची रंगरंगोटी, हललेलं कपाट, नवं बाळ, पाहुण्यांची वर्दळ, खिडकीबाहेर येऊन बसणारा परका बोका, यातलं काहीही मांजराला पुरतं. उभ्यानं, शेपटी थरथरवत भिंतीवर पिचकारी मारणारा बोका तर हद्द आखत असतो. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी केली, तर बहुतेक बोके या फंदात पडत नाहीत.

राहता राहिली सफाई. आपल्याकडे हात पहिला जातो तो फिनेलच्या बाटलीकडे. फिनेलमधली द्रव्यं मांजराच्या यकृताला पचवता येत नाहीत आणि पुसलेल्या फरशीवरून चालून पंजे चाटले की ती पोटात जातात. शिवाय फिनेलनं धुतलेल्या ट्रेत मांजर पाऊल टाकायला कचरतं. अमोनिया असलेलं औषधही नको. त्याला लघवीसारखाच वास येतो. ट्रे साध्या साबणानं आणि गरम पाण्यानं धुवावा. गादीवरचा डाग आधी टिपून घ्यावा, मग पाणी घातलेल्या व्हिनेगरनं पुसावा आणि वर खाण्याचा सोडा भुरभुरावा. वास पुरता गेला नाही, तर मांजर पुन्हा तीच जागा धरतं.

आणि धपाटे? त्यानं मांजर एवढंच शिकतं, की माणसांसमोर शू करायची नाही. मग ते पलंगाखाली, कपाटामागे जागा शोधतं आणि आजार असेल तर तोही तिथंच लपून राहतो. तेव्हा उद्या गादी ओली दिसली, तर हात उगारण्याआधी ट्रेशी जाऊन पाहावं. मांजर तिथं बसतंय का, आणि बसलं तर त्याला लघवी होतेय का? पोत्यापर्यंत गेलेली गोष्ट पुष्कळदा इथंच उलगडते.