परवानगीच्या आधी पाण्याची चौकशी

बायकांच्या गटाने राफ्टिंगला जायचे म्हटले की पहिला प्रश्न येतो, ‘बरोबर पुरुष कोण?’ दुसरा, ‘घरून परवानगी मिळाली का?’ नदीविषयीचे प्रश्न शेवटी येतात, किंवा येतच नाहीत. आपल्या सुरक्षिततेची काळजी म्हणजे बहुतेक वेळा आपल्यावरची राखणच असते.

कोलाडच्या कुंडलिकेचे उदाहरण घेऊ. मुळशीच्या धरणाचे पाणी डोंगर उतरून भिऱ्याच्या वीजकेंद्रात येते. वीजनिर्मितीनंतर सुटणाऱ्या पाण्यावर इथले राफ्टिंग चालते, आणि ते बहुधा सकाळी. म्हणजे पहाटे घर सोडायचे, नाहीतर आदल्या रात्री मुक्काम करायचा. मग मुलांचे डबे, नळाचे पाणी, आजारी सासू कोण बघणार? धुणीभांडी करणाऱ्या मैत्रिणीचा खाडा कसा भरून काढणार? आखणीच्या यादीत हे प्रश्न आधी लिहावेत. नाहीतर ज्यांच्या घरी हाताखाली बाई आहे, त्याच नदीवर पोचतील.

त्यानंतर नदीची चौकशी. आज पाणी किती सुटणार? वाटाड्याने शिक्षण घेतले आहे का? लाइफ जॅकेट प्रत्येकीच्या अंगाला घट्ट बसते का? हेल्मेट, फेकायची दोरी आहे का? पाण्यात पडल्यास उताणे तरंगावे, पाय प्रवाहाच्या दिशेने ठेवावेत. वेगाच्या पाण्यात उभे राहू नये, दगडांत पाय अडकतो. हे एकट्या पुढारणीला नव्हे, प्रत्येकीला माहीत हवे. आणि काठावरून खळाळ पाहून ‘मी यातून येत नाही’ म्हणणारीला कोणी भित्री म्हणू नये. नकाराचा हक्क इथेही आहेच.

बायकांना हे झेपत नाही, असे म्हणणाऱ्यांना १९९४ सालची आठवण द्यावी. बचेंद्री पाल यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचा चमू राफ्टमधून हरिद्वारहून कलकत्त्यापर्यंत गेला. अडसर ताकदीचा नसतो, नियम करणाऱ्यांचा असतो. खळाळत्या पाण्यावरच्या शर्यती ऑलिंपिकमध्ये १९७२ साली आल्या. त्यात दोन पात्यांच्या वल्ह्याची कयाक स्त्रियांना खुली होती. एका पात्याच्या वल्ह्याची कनू मात्र पुरुषांपुरतीच राहिली. ती स्त्रियांना खुली व्हायला २०२१ साल उजाडले.

म्हणून गटांनी सहल ठरवण्याआधी पोहण्याचे वर्ग भरवावेत, खर्चाची वर्गणी ऐपतीप्रमाणे घ्यावी, आणि स्थानिक मुलींना वाटाड्याचे शिक्षण व रोजगार द्या असा आग्रह राफ्टिंगवाल्यांकडे धरावा. घागरी भरभरून नदी घरी आणणाऱ्या बाईला त्याच नदीत मजेसाठी उतरण्याचाही हक्क आहे.