पाहुण्याला ओटी, माजघर घरच्यांचे

गेल्या स्नेहसंमेलनाच्या तयारीतली गोष्ट. जुनी छायाचित्रे दाखवण्यासाठी एक माजी विद्यार्थी स्वतःचा लॅपटॉप घेऊन शाळेत आले. संगणक कक्षातली नेटवर्कची तार आम्हीच जोडून दिली. छायाचित्रे शोधता शोधता पडद्यावर एका भलत्याच फोल्डरचे नाव दिसले : 'फी सवलत'. त्यांनी तो उघडला नाही, उलट आम्हालाच बोलावून दाखवला. आम्ही क्लिक केले, तर पासवर्ड न विचारता तो उघडला. कोणाची फी माफ झाली, वडिलांचे उत्पन्न किती, घरात आजारी कोण, सारे समोर! गृहस्थ सज्जन होते म्हणून निभावले.

दोष कोणा एकाचा नाही. तो सोयीच्या सवयीचा आहे. विंडोज एक्सपीच्या काळात साध्या शेअरिंगमध्ये नेटवर्कवरून येणारा प्रत्येक जण 'गेस्ट' म्हणूनच आत येत असे. यंत्रे बदलली, पण 'एव्हरीवन'ला परवानगी देऊन मोकळे होण्याची आपली सवय गेली नाही.

काही जण म्हणतील, आपली शाळा म्हणजे एक कुटुंब, इथे परका कोण? मान्य. पण आपल्या आजी-आजोबांच्या वाड्यांत आतिथ्याला काय कमी होते? तरीही पाहुणा ओटीवर बसे, माजघरात घरचेच वावरत, आणि तिजोरीची किल्ली एकाच्याच कनवटीला असे. त्यात कोणाचा अपमान नव्हता. भीड ही भिकेची बहीण, असे म्हणतात ते उगाच नाही.

शिवाय प्रश्न पाहुण्याच्या मनाचा नाही, त्याच्या संगणकाचा आहे. त्यात कोणता व्हायरस दडला आहे, हे त्यालाही ठाऊक नसते. मे २०१७ मधला 'वॉनाक्राय' विंडोजच्या फाइल शेअरिंगमधल्याच एका त्रुटीतून एका संगणकावरून दुसऱ्यावर आपोआप पसरला आणि सुमारे १५० देशांत पोहोचला. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर बंद पडले आणि रुग्णांची नोंदणी कित्येक दिवस कागदावर करावी लागली. नेटवर्कचे योग्य विभाग पाडलेले नव्हते, हे त्यामागचे कारण सरकारने संसदेत सांगितले. म्हणजे ओटी आणि माजघर यांच्यामध्ये भिंतच नव्हती! डिसेंबर २०२३ मध्ये आपल्या मध्य प्रदेशच्या ई-नगरपालिका पोर्टलवर सायबर हल्ला झाला, तेव्हा त्यावरची कामे अडून राहिली. हे संकट दूरचे नाही.

उपाय खर्चिक नाहीत. पाहुण्यांसाठी राउटरवर वेगळे 'गेस्ट' वाय-फाय ठेवावे. त्यावरून इंटरनेट मिळावे, शाळेचे संगणक दिसू नयेत. कार्यालयाच्या संगणकांवरील 'गेस्ट' खाते बंद असावे. फोल्डरच्या परवानग्यांतून 'एव्हरीवन' काढून ठरावीक शिक्षक व लिपिक यांचीच नावे घालावीत, आणि ज्यांना फक्त वाचायचे आहे त्यांना 'रीड'च द्यावे. शेअरिंगची परवानगी आणि फोल्डरची स्वतःची परवानगी, या दोन्ही तपासाव्यात. नेटवर्कवरून येणाऱ्याला यांपैकी जी अधिक कडक, तीच लागू होते. काही जण शेअरच्या नावापुढे डॉलरचे चिन्ह लावून तो यादीतून लपवतात. पण लपवणे म्हणजे कुलूप लावणे नव्हे. नाव ठाऊक असलेल्याला दार उघडेच असते. पाहुण्यांना काही द्यायचे असेल, तर त्यापुरता एक वेगळा फोल्डर असावा आणि कार्यक्रम संपताच तो बंद करावा.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानून त्याच्या माहितीला अधिक संरक्षण दिले आहे. पण आम्हाला कायद्याच्या धाकापेक्षा वर्गातल्या त्या मुलाचा चेहरा महत्त्वाचा वाटतो. आपली फी माफ आहे, हे बाकावरच्या मित्राला कळावे की नाही, हे त्याने ठरवायचे आहे. त्याच्या पालकांनी संकोच गिळून, विश्वासाने ती कागदपत्रे शाळेच्या हाती दिली होती.

म्हणून व्यवस्थापनाला आमची नम्र विनंती आहे की, नवे सत्र सुरू होण्यापूर्वी एक दिवस खास या कामासाठी काढावा. संगणक जाणणारे पालक आपल्यात पुष्कळ आहेत. हाक दिली तर येतील. आणि पाहुण्यांचे स्वागत पूर्वीसारखेच मनापासून होईल, चहा-पोह्यांसह, ओटीवर!