दसऱ्यानंतरची हजेरी

दिवाळी अंकासाठी काहीतरी हलकेफुलके लिहून पाठवा, असे संपादकांचे पत्र आले आहे. दरवर्षी येते. वर्षभर या सदरातून मी आमच्या बीडकडच्या शाळामास्तरांची, म्हाताऱ्याकोताऱ्यांची आणि न पडलेल्या पावसाची गाऱ्हाणी सांगत असतो. निदान दिवाळीला तरी वाचकांच्या लाडवात खडा लागू नये, हा त्यांचा हेतू. हेतू चांगला आहे. मी निम्मी आज्ञा पाळणार आहे.

शाळा आहे पाटोदा तालुक्यातली, बालाघाटच्या डोंगरावरची. गावाचे नाव सांगत नाही; तशी दहा गावे शेजारीशेजारी आहेत, त्यांतले कोणतेही धरा. पाचवी, सहावी, सातवी असे तीन वर्ग. तिकडे पुण्यामुंबईकडच्या जुन्या वाचकांना सातवी म्हटली की व्हर्नाक्युलर फायनल आठवेल. आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाचे राज्य. आमच्या वडिलांनी 'मिडल' केली ती उर्दूतून. घरी बोलायचे मराठी आणि फळ्यावर उर्दू. पाढे ते मराठीत म्हणत, पण भागाकार करताना ओठ उर्दूत हलत. पुढे मराठवाडा मराठी मुलखाला जोडला गेला, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, शाळा त्यांच्याकडे गेल्या, आणि त्याच शाळांतून फिरत फिरत मी मास्तरकीची छत्तीस वर्षे काढली. आता निवृत्त आहे. पण सवय वाईट. घंटा ऐकली की पाय तिकडे वळतात. घंटा म्हणजे काय, तर लिंबाला टांगलेला लोखंडाचा तुकडा.

हल्लीचे हेडमास्तर चाळिशीचे, लातूरकडचे. मुले त्यांना 'सर' म्हणतात, मला 'गुरुजी'. या दोन शब्दांत एक पिढी आहे. सरांचा निम्मा दिवस मोबाइलवर माहिती भरण्यात जातो, उरलेल्यात ते शिकवतात, आणि उत्तम शिकवतात. खिचडी शिजवणाऱ्या मावशी आहेत, त्यांचा दरारा मात्र सरांहून अधिक. कोण पोटभर जेवला आणि कोण लाजला, हे त्यांना पाठीमागूनही दिसते.

एकदा भूगोलाच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसलो होतो. मॅडमनी नकाशा लावला आणि विचारले, "नागपूर कुठे आहे?" वर्ग गप्प. "बरे, कोल्हापूर?" एकदम दहा बोटे नकाशावर. मग काय, पोरांनीच मॅडमना भूगोल शिकवला. कराड दाखवले, इंदापूर दाखवले, श्रीरामपूर दाखवले. एकाने तर नकाशाच्या बाहेर भिंतीवर बोट टेकवून "हितं चिकोडी" म्हणून कर्नाटकही दाखवले. मॅडमनी विषय बदलावा म्हणून उसाचे उपयोग विचारले. साखर, गूळ, काकवी अशी पुस्तकी उत्तरे आली. पाचवीतला एक पोरगा उठून म्हणाला, "वाढं इकून तेलमीठ येतंय, मॅडम." वाढं म्हणजे उसाचा शेंड्याकडचा हिरवा पाला. तोडणारे तो वैरणीला विकतात आणि त्यावर घरखर्च भागवतात. पुस्तकात हे नाही. मी मागे बसून हसत होतो, आणि जरा वेळाने हसू थांबले. या पोरांना नकाशा ठाऊक आहे, कारण त्या नकाशावरून ती चालली आहेत.

शहरातल्या वाचकांना थोडे समजावून सांगितले पाहिजे. आमचा डोंगरी भाग पावसाच्या आडोशाचा. ज्वारी-बाजरी निघाली की शेताला काम नाही. प्रवरानगरला १९५० च्या सुमारास सहकारी साखर कारखाना उभा राहिला, त्यामागून पश्चिमेकडे एकामागून एक कारखाने निघाले, आणि त्यांना ऊस तोडणारे हात हवे झाले. ते हात आमच्याकडून गेले. १९७२ च्या दुष्काळाने आणखी घराबाहेर काढले. आता दरसाल दसरा झाला की लाखांनी माणसे निघतात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन ठेवतो, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम. मग सहा महिने ती फेडायची. उचल मिळते ती कोयत्यावर. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवराबायकोची जोडी. एकटा माणूस 'अर्धा कोयता'. दोघांनी मिळून दिवसाला दीड-दोन टन तोडायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहायच्या आणि गाडीत भरायच्या. आता माणसाचा हिशेबच असा मांडल्यावर पोरगी पंधरा-सोळाची झाली की हंगामाच्या तोंडावर अर्ध्याचा पूर्ण कोयता करण्याची घाई का होते, हे वेगळे सांगायला नको. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या बायकांपैकी १०० मध्ये ४० हून अधिक जणींची लग्ने अठराच्या आत झालेली आढळली. आणि तोवर? तोवर तिने कोपीवर राहायचे, भाकरी करायच्या, धाकटे लेकरू सांभाळायचे. हे काम दहाबारा वर्षांचे मूल करू शकते. म्हणून आमचे मिडल स्कूल दसऱ्यानंतर रिकामे होते. पहिली-दुसरीची लेकरे आजीपाशी राहिली तरी चालते. पाचवी ते सातवीची मुलेच नेमकी कामाची.

गेल्या वर्षीची गोष्ट. दसरा होऊन चार दिवस झाले होते. सकाळी हजेरी घेताना सर एकेक नाव घेत आणि समोरून 'गेला', 'गेली', 'उद्या जाणार' असा जबाब येई. सातवीतली एक मुलगी, अक्षर मोत्यासारखे, गणितात सरांची चूक काढणारी, 'हजर' म्हणाली आणि खाली बसून रडू लागली. ट्रक संध्याकाळी येणार होता.

सर मला म्हणाले, "गुरुजी, तुम्ही चला. मी परका आहे, तुमचे ऐकतील."

गेलो. घरापुढे सामान बांधून तयार. कोपीसाठी बांबू आणि चटया, बाजरीची दोन पोती, पत्र्याची पेटी, पाय बांधलेल्या तीन कोंबड्या. मुलीची आई सहा महिन्यांचे लेकरू मांडीवर घेऊन बसली होती. सरांनी हंगामी वसतिगृहाची योजना समजावली. वसतिगृह म्हणजे मोठी इमारत असे समजू नका. मूल गावातच आजी-चुलत्याकडे झोपते आणि दोन वेळचे जेवण सरकारच्या अनुदानातून त्याला मिळते. आई शांतपणे ऐकत होती. ती अडाणी नव्हती. चौथी शिकलेली होती.

"सर, जेवायचं खरं हाय. पण रातचं कुणाच्या भरवशावर ठिवू? सासूला दिसत न्हाई. पोरगी मोठी झाली. काही झालं तर मह्या लेकराचं नाव जाईल, तुमच्या शाळेचं न्हाई जायचं." मग मांडीवरच्याकडे बोट करून, "आन ह्याला पहाटं तीनला फडात कुठं टाकू?"

सरांपाशी याला उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते. कागदावर योजना सोपी दिसते, कारण कागदाला रात्र नसते.

एवढ्यात मुकादम आला. पन्नाशीचा गडी, पांढरा शर्ट, हातात दोन मोबाइल. मला पाहून थबकला, वाकून पाया पडला. मी ओळखले नाही.

"गुरुजी, तुम्हीच न्हाई का मव्हं नाव कमी केलं हुतं? सातवीत."

वाचकहो, या वाक्यापाशी मला थोडा वेळ द्या. १९८५-८६ च्या सुमाराची गोष्ट असावी. नियम असा की सतत गैरहजर मुलाचे नाव पटावरून कमी करायचे. मी नियमाचा भोक्ता. तांबड्या शाईची दौत वेगळी ठेवत असे. पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, की एप्रिलमध्ये पोरे परत येत आणि दारात उभी राहत. हा त्यांतला एक. "तुझे नाव नाही आता, जूनमध्ये बापाला घेऊन ये," असे मी म्हणालो असणार. म्हणालोच असणार, सगळ्यांना हेच म्हणत होतो. जूनमध्ये बाप कुठला येतोय. तांबडी रेघ ओढताना हात कधी अडखळल्याचे मला आठवत नाही, आणि त्या मुलाचा चेहराही आठवत नाही. त्याला मात्र दौतसुद्धा आठवत होती.

त्याने राग धरला नव्हता. उलट हसत होता. "बरं झालं की, मुकादम झालो," म्हणाला. ते हसणे मला सोसवेना.

मी म्हटले, "अरे, मग आज एक नाव राहू दे."

तो बराच वेळ बोलला नाही. उचल दिलेली होती. कोयता पूर्ण येतो आहे, मग पोरगी आली काय नि न आली काय, त्याचे काही बिघडत नव्हते. शेवटी तो मुलीच्या बापाला म्हणाला, "पोरगी मह्या घरी झोपंल. मही माय हाय, बायको हाय, दोघी घरीच हायत. गुर्जींचा शब्द हाय." माझा कसला शब्द! पण तो शब्द चालला. मुकादमाच्या घरी झोपायचे म्हटल्यावर गावात बोलायची कुणाची छाती नव्हती. आईने लेकराकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले.

"राहू द्या मग," ती म्हणाली. "पण बारक्याला न्यावं लागंल."

बारका म्हणजे मुलीचा भाऊ, पाचवीतला. 'वाढं इकून तेलमीठ' सांगणारा तोच. तो इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. एकजण राहायचे म्हणजे दुसऱ्याने जायचे. लेकरू तर कुणीतरी सांभाळलेच पाहिजे. मी तोंड उघडले, पण काय बोलणार? जे बोलायचे ते सगळे मी मुलीसाठी वापरून बसलो होतो. सरांनी खिशातून शिक्षण हमी कार्ड काढले. स्थलांतर करणाऱ्या मुलाला जिथे जाईल तिथल्या शाळेत बसता यावे, म्हणून ते देतात. सरांनी उभ्या उभ्या ट्रकच्या बोनेटवर ते भरले. आईने ते रेशनकार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पोलक्यात ठेवले. बारका ट्रकवर चढून बांबूंवर बसला आणि बहिणीकडे न पाहता मला विचारले, "गुर्जी, तिकडं खिचडी मिळतीय का?"

मिळते, म्हटले. शाळेत गेलास तर मिळते.

एप्रिलमध्ये तो परत आला. उंची वाढली होती, हातांवर उसाच्या पात्याचे ओरखडे. कार्डावर एकाच शाळेचा शिक्का होता आणि तीन आठवड्यांची हजेरी. मग टोळी दुसऱ्या फडावर गेली, शाळा चार किलोमीटर लांब पडली, आणि लेकराला काखेत मारून चार किलोमीटर कोण जाणार? सरांनी कार्ड पाहिले, काही बोलले नाहीत. पटावरचे त्याचे नाव मात्र जागच्या जागी होते. आता नियमच बदलला आहे. शिक्षणाच्या हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि २०१० पासून लागू आहे. माझी तांबडी दौत कायद्याने सुकली, माझ्या शहाणपणाने नव्हे. बारका जूनमध्ये सहावीत बसला. भागाकार विसरला आहे. सर त्याला शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबवतात आणि मावशी त्या अर्ध्या तासासाठी खालची खरवड राखून ठेवतात.

मुलगी सातवीत पहिली आली. आमच्या शाळेला आठवी नाही, म्हणून ती फाट्यापलीकडच्या हायस्कुलात जाते. मुलींना एस.टी.चा पास फुकट आहे. घरापासून फाट्यापर्यंतचे चालणे तेवढे पासात बसत नाही. ती आणि आणखी तिघी मिळून जातात. चौघी आहेत तोवर बरे आहे.

परवा शाळेत गेलो होतो. पाऊस यंदाही मनासारखा नाही. मुकादमाने श्रावणातच उचल वाटली. सरांनी यंदा एक यादी केली आहे: कोण जाणार, कोण राहू शकेल, रात्री कोणाच्या घरी झोपेल. शेवटचा रकाना त्यांनी गेल्या वर्षीच्या अनुभवावरून नवा वाढवला आहे. गावातल्या सहा म्हाताऱ्यांनी घरे देऊ केली, त्यांत मुकादमाची आई पहिली. बारक्याच्या नावापुढे तो रकाना अजून मोकळा आहे. धाकटे लेकरू आता दीड वर्षाचे झाले, चालू लागले. चालणारे लेकरू फडात सांभाळायला बसणाऱ्यापेक्षा अवघड, असे त्याची आई म्हणते आणि तिचे म्हणणे खरे आहे. त्याला इकडेच ठेवावे काय, असे मावशींनी विचारले. अंगावर पिते लेकरू मागे ठेवायला आई तयार नाही. दसऱ्याला अजून थोडे दिवस आहेत. उद्या सर आणि मी पुन्हा तिच्याकडे जाऊन येणार आहोत.