डाग नक्की कशाचा?

महिनाभर इथे काही लिहिलं नाही. नातेवाइकांना कारण माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगते.

मामांचा खोकला जाईना म्हणून एक्स-रे काढला. उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला डाग. मग सीटी, मग पेट स्कॅन. स्क्रीनवर तो डाग दिव्यासारखा पेटलेला आणि रिपोर्टात 'कॅन्सरची शक्यता'. झालं! बायोप्सी व्हायच्या आधीच आम्ही सगळे कॅन्सर ठरवून मोकळे. मामांना कुणी काही सांगेना. ते मात्र गुपचूप पासबुकं काढून नॉमिनी तपासत बसले होते...

बायोप्सीत निघाला टीबी.

पेट स्कॅनमध्ये किंचित किरणोत्सारी असं ग्लुकोजसारखं द्रव्य शिरेतून देतात. जिथल्या पेशी साखर जास्त ओढतात, ती जागा उजळते. कॅन्सरच्या पेशी खादाड, हे खरंच. पण टीबीच्या जंतूंशी लढणाऱ्या आपल्याच पेशीही साखर ओढतात. काही बुरशींच्या संसर्गातही असंच दिसतं. मशीनला भूक दिसते, ती कुणाची ते दिसत नाही. २०२४ मध्ये जगातल्या नव्या टीबी रुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा भारतातला होता. मग ही शंका आपल्याला आधी यायला नको?

उलटही तितकंच वाईट. डाग दिसला की तपासणी न करता टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या आणि आत कॅन्सर वाढत राहायचा, असंही होतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की स्कॅन ही शंका आहे, निकाल नव्हे. थुंकी तपासा, तुकडा तपासा. आणि बायोप्सीआधी डॉक्टरांना विचारा, की थोडा तुकडा टीबीच्या तपासणीसाठी वेगळा पाठवणार ना? कारण सगळाच फॉर्मालिनमध्ये गेला, तर त्यातून जंतू वाढवून बघता येत नाहीत.

टीबी ऐकून पेढे आणणारं आमचंच घर असेल! तसा तोही साधा आजार नाही. घरातल्या सगळ्यांची तपासणी झाली, मामांच्या गोळ्या निदान सहा महिने चालतील. ते बरे होतील.

पण परवा ते सहज म्हणाले, "तुम्ही सगळे कुजबुजत होतात. मला एकदा विचारायचं तरी, घाबरलोय का म्हणून."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.